निघू का, कंट्रोल?

बसा. जिन्याचं दार ओढून घे रे, नाहीतर खालचा टीव्ही इथवर ओरडत राहील. आणि तू गं, तो मोबाइल जरा इकडे दाखव. काय बघतेयस? जहाजं? हे छोटे छोटे त्रिकोण म्हणजे जहाजं होय. बोट लावलं की नाव, वेग, कुठून निघालं, कुठं चाललं, सगळं. छान आहे. ठेव आता तो खाली. पालथा ठेव.

भुताची गोष्ट मागत होतात ना? माझ्या साडूची सांगतो. त्यानं मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शिवाय यातलं निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मी बंदरात टगबोट चालवत होतो. मोठ्या जहाजाला दोर बांधायचा आणि धक्क्यापासून ओढून खोल पाण्यात काढायचं, हे माझं काम.

साडूला घरात, बंदरात सगळे घुबड म्हणतात. कायम रात्रपाळी. स्वतःच्या लग्नातसुद्धा दुपारभर पेंगत होता, फोटोत बघा, एकात डोळे उघडे असतील तर शपथ. बंदराच्या टोकाला मनोरा आहे, त्याच्या अगदी वरच्या खोलीत त्याची खुर्ची. समोर मोठा पडदा, त्यावर हेच त्रिकोण. शेजारी रेडिओ, आणि रेडिओवर मनोऱ्याचं नाव कंट्रोल. कुठल्या जहाजानं आत यायचं, कुणी थांबायचं, कुणी निघायचं, हे त्यानं रेडिओवर सांगायचं. ठरवायचं मात्र साहेबानं. साहेब म्हणजे बंदराचा मुख्य. डोकं साहेबाचं, तोंड घुबडाचं.

तर नोव्हेंबरातली एकोणीस तारीख. मंगळवार. त्या रात्री घुबडाला सुट्टी होती. तरी नऊच्या सुमाराला तो चपला घालायला लागला. माझी मेव्हणी म्हणाली, "आज कुठं?"

"साहेबानं बोलावलंय. छोटंसं काम आहे. येतो."

"डबा?"

"नको."

इतक्या वर्षांत तो माणूस डब्याशिवाय घराबाहेर पडला नव्हता. तो वळणावर दिसेनासा झाला आणि तिनं मला फोन केला. "भावोजी, हे डबा न घेता गेलेत." एवढंच बोलली. मी म्हटलं, भूक नसेल. पण ते छोटंसं काम काय असेल याचा मला अंदाज होता.

ते सांगतोच. पण त्याआधी तुम्हाला म्हैस सांगायला हवी.

म्हैस म्हणजे जहाज. कागदावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण बंदरात कुणी ते उच्चारलं नाही. तिचं काम दुसऱ्या जहाजांना पोसायचं. भर समुद्रात दुसरं जहाज तिच्या कुशीला यायचं, ही जाड नळी त्याच्याकडे फेकायची, आणि मग तेल द्या, पाणी द्या, धान्य द्या, पिऊ द्या त्याला पोटभर. म्हणून म्हैस. रंगानं काळी, चालीनं संथ, कितीही हाका मारा आपल्याच तालात. म्हातारी झाल्यावर तिला ते काम झेपेना. मग तिला मदतीच्या कामाला लावलं. कुठं वादळ झालं, कुठं पूर आला, की तिच्या पोटात तंबू, औषधं, पीठ, दूध पावडर भरायची आणि पाठवायची. जाताना माल, येताना माणसं. जखमी, बाळंतिणी, म्हातारीकोतारी. घुबड सांगायचा, पडद्यावर शंभर त्रिकोण असले तरी म्हैस कुठली ते नाव न वाचता कळतं. सरळ रेषेत जाते, घाई नाही, वळणं नाही, आणि रात्रीच्या त्याच वेळी तिचा आवाज येतो.

आवाज कप्तानाचा. त्याला कायम सर्दी. नाकातून बोलायचा. जागा सांगायची, वेग सांगायचा, हवा कशी ते सांगायचं, आणि शेवटी विचारायचं, "जेवलात का, घुबडराव?" घुबड म्हणायचा, "जेवलो. तुम्ही?" बस. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. हा रात्रीचा मनोऱ्यात, तो समुद्रात. पण घुबड मला म्हणाला होता, सख्ख्या भावाशी मी इतकं बोललो नाही, जितकं या माणसाशी बोललोय.

त्या वर्षी ऑक्टोबरात समोरच्या बेटावर वादळ आदळलं. आपल्या बंदरातून म्हशीच्या चालीनं पाच-सहा तास. जेट्टी अर्धी गेली, विहिरींत समुद्राचं पाणी शिरलं, दवाखान्याचं छप्पर उडालं. त्या दवाखान्यात घुबडाची थोरली बहीण नर्स होती. अक्का. डॉक्टर वादळाच्या आधीच रजेवर गेलेला, तो तिकडेच राहिला. म्हणजे डॉक्टर अक्का, नर्स अक्का, झाडू मारायला अक्का. म्हशीनं बेटाच्या तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला अक्कानं कप्तानाला सांगून पाठवलं की मुलांना जुलाब लागलेत, घरोघरी लागलेत, सलाईन संपत आलंय. पुढच्या खेपेला बाकी काही नाही आणलं तरी चालेल, सलाईन आणा आणि प्यायचं पाणी आणा.

कप्तान आला. दिवसरात्र एक करून माल भरला. मी धक्क्यावर होतो. त्याचे खलाशी हमालांच्या बरोबरीनं खोकी वाहत होते. संध्याकाळी भरणं संपलं. मी टगबोट लावून तयार. दोर सोडायचा अवकाश. आणि रेडिओवर घुबडाचा आवाज आला. "म्हैस, थांबा."

"का?"

"पाहुणे यायचेत. झेंडा दाखवायचाय."

हसू नकोस रे. यात हसण्यासारखं काही नाही.

कुणीतरी मोठा माणूस यायचा होता. त्यानं हिरवा झेंडा हलवायचा, म्हशीनं भोंगा वाजवायचा, फोटो काढायचे, मग निघायचं. मांडव घातला होता धक्क्यावर. खुर्च्यांना पांढरी कापडं, वर लाल फिती. पाहुणे संध्याकाळी येणार होते, ते रात्री येतो म्हणाले, मग सकाळी म्हणाले. साहेब म्हणाला, थांबा. सकाळी निरोप आला, दुपारी. साहेब म्हणाला, थांबा. त्या पहिल्या रात्री कप्तान दर थोड्या वेळानं विचारायचा, "निघू का, कंट्रोल?" आणि घुबडानं सांगायचं, "थांबा."

बेटावरून अक्काचा फोन यायचा. लागला तर लागला, नाहीतर नुसती खरखर. "अरे, म्हैस निघाली का?"

"उद्या निघतेय, अक्का."

"तुझा उद्या कुठल्या दिवशी येतो रे? इथं दोन मुलं गेली आज."

घुबड साहेबाकडे गेला. हात जोडले. म्हणाला, साहेब, मांडव राहू द्या, खुर्च्या राहू द्या, परत आल्यावर दाखवा झेंडा. साहेब म्हणाला, "परत आलेल्या जहाजाला झेंडा दाखवतात का? तू तुझं काम कर."

दोन दिवस. म्हैस पोटात पाणी आणि औषध घेऊन धक्क्याला बांधलेली, यंत्र चालू, धूर निघतोय, आणि सगळं गाव बघतंय. मीही बघतोय. मला आजही त्या लाल फिती आठवल्या की हात शिवशिवतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले. झेंडा हलवला. तीनदा हलवला, कारण पहिल्या दोन वेळा फोटोवाल्याच्या मनासारखं झालं नाही. तोवर हवा पालटली होती. पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालेलं. हवामानवाल्यांचा इशारा आला होता, घुबडानं तो साहेबासमोर ठेवला. साहेब म्हणाला, "आता झेंडा दाखवलाय. आता कशी थांबेल?"

बघा हं. जायचं तेव्हा थांबा, आणि थांबायचं तेव्हा जा.

घुबडानं साहेबाला न विचारता रेडिओवर कप्तानाला सांगितलं, "कप्तान, हवा वाईट आहे. आज नका निघू." कप्तानानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिकडे पोरं आहेत हो. दोन दिवस वाया गेले. आता नाही थांबत." मी दोर ओढला. म्हशीला खोल पाण्यात नेऊन सोडलं. कठड्यावर एक जाडसा माणूस नाकाला रुमाल लावून उभा होता, त्यानं माझ्याकडे बघून हात केला. मी कप्तानाला तेवढंच पाहिलं.

त्या रात्री घुबड पडद्यासमोर बसला होता. निम्म्या वाटेवर त्रिकोण हळू झाला. वळला. म्हैस कधी वळत नाही, सांगितलं ना? वळला, मग परत सरळ झाला, मग परत वळला. मग थांबला. घुबड हाका मारत राहिला. उजाडेपर्यंत मारत होता. सकाळच्या पाळीचा माणूस आला तेव्हा घुबडाच्या हातातून माइक काढून घ्यावा लागला.

माणूस एकही मिळाला नाही. पाण्यावर थोडं तेल मिळालं. पेपरात आलं, निसर्गाचा कोप. आणि त्याच पानावर झेंड्याचा फोटो.

आता ते छोटंसं काम. मनोऱ्यातलं रेडिओवरचं सगळं बोलणं यंत्रात आपोआप साठवलं जातं. म्हैस दोन दिवस धक्क्याला होती हे गावानं पाहिलं होतं, ते लपणार नव्हतं. पण का होती, ते त्या आवाजात होतं. चौकशीची माणसं बुधवारी सकाळी येणार होती. साहेबानं ठरवलं होतं, यंत्रात बिघाड होता म्हणून थांबली असं सांगायचं. मेलेला कप्तान थोडाच येणार होता नाही म्हणायला. फक्त तेवढं दोन दिवसांचं बोलणं पुसायचं. मंगळवारी रात्री. आणि पुसायचं कुणी? तर ज्याचा आवाज, त्यानं.

घुबड गेला. का गेला, हे विचारू नका. घर आहे, नोकरी आहे, पोरीचं शिक्षण आहे. माणसं भुताला भितात म्हणे. मी जन्मभर बंदरात काढला, माणसं खुर्चीलाच भिताना पाहिली.

मनोऱ्यात रात्रपाळीला एक नवा माणूस होता, त्याला साहेबानं घरी पाठवला. अकरा वाजून गेल्यावर साहेब स्वतः आला. कुठल्यातरी समारंभातून आला होता, कपड्यांना अत्तराचा वास. घुबडाच्या मागं खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "चल, उरकून टाक."

खाली बंदर गप्प होतं. वारा अजिबात नाही. पाणी असं, की दिव्यांची प्रतिबिंबं रंगवल्यासारखी पडलेली. खिडकीतून पहिला धक्का दिसतो. म्हैस जिथं बांधली होती तो. रिकामा होता.

घुबडानं साठवलेलं बोलणं उघडलं. तारीख शोधली. अजून काही वाजवलं नव्हतं. नुसती तारीख काढली होती. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"कंट्रोल, म्हैस."

नाकातला आवाज.

साहेब म्हणाला, "आवाज कमी कर. आणि ऐकत काय बसलायस? पूस."

घुबड म्हणाला, "साहेब, मी लावलेलं नाही."

"म्हणजे?"

"हे साठवलेलं नाही. हे... आत्ताचं आहे."

साहेब हसला. घुबडानं पडद्याकडे बोट केलं. मोठ्या पडद्यावर, पहिल्या धक्क्याला एक त्रिकोण होता. शेजारी नाव. वेग शून्य. घुबडानं खिडकीतून खाली पाहिलं. धक्का रिकामा. पडद्याकडे पाहिलं. त्रिकोण तिथंच.

"माल भरलाय, कंट्रोल. तयार आहोत. निघू का?"

साहेब उठला. म्हणाला, कुणीतरी खोडसाळपणा करतंय. त्यानं रेडिओची वायर भिंतीतून ओढून काढली. दिवा विझला. रेडिओ बंद झाला.

मग बंद रेडिओतून आवाज आला.

"निघू का?"

घुबड सांगत होता, आवाजात राग नव्हता. रडणं नव्हतं. ज्या सुरात तेव्हा विचारायचा त्याच सुरात. आणि त्याच्यामागं यंत्राची घरघर ऐकू येत होती. ती घरघर हळूहळू रेडिओतून निघाली आणि जमिनीत आली. पायांखाली. टेबलावरचा पेला हलायला लागला. खिडकीच्या काचेवर बाष्प धरलं. आतून नाही. बाहेरून. कुणीतरी अगदी जवळ उभं राहून श्वास सोडावा तसं.



"निघू का, कंट्रोल?"

साहेब पांढराफटक. घुबडाकडे बघतोय. घुबड त्याच्याकडे बघतोय. माइक टेबलावर, दोघांच्या मधे.

"कंट्रोल...?"

आणि मग, पोरांनो, साहेबानं माइक उचलला. दोन्ही हातांनी. बटण दाबलं. आणि म्हणाला...

"थांबा."

मेलेल्यांनासुद्धा. बुडालेल्या माणसांनासुद्धा हेच. त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता.

पलीकडे घरघर तशीच.

मग आवाज आला, "बरं. थांबतो."

घुबड म्हणाला, ते "बरं" ऐकलं आणि माझं भय गेलं. एकदम गेलं. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. त्या दोन दिवसांत जे यायला हवं होतं ते. त्यानं साहेबाच्या हातातून माइक हिसकावला. साहेब सोडेना. घुबडानं त्याला ढकललं. मिशा पिकल्या तरी ज्यानं कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं, त्यानं साहेबाला भिंतीवर ढकललं आणि माइक तोंडाशी धरला.

"म्हैस, कंट्रोल. निघा."

खरखर.

"साहेबांची परवानगी आहे का?"

"मी सांगतोय. घुबड सांगतोय. निघा. कुणासाठी थांबू नका. निघा तुम्ही."

पायांखालची घरघर वाढली. पेला टेबलावरून पडला. खाली रिकाम्या धक्क्यावर दोर सुटल्यावर पाण्यात पडतो तसा आवाज झाला. एक. मग दुसरा. पडद्यावरचा त्रिकोण हलला. वेग एक. वेग दोन.

घुबड खिडकीशी गेला. बाष्प हातानं पुसलं. पाण्यावर काहीच नव्हतं. काहीच नाही. पण पहिल्या धक्क्याशेजारी बांधलेली मासेमारीची होडी उचलली गेली आणि खाली आली. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. मग माझी टगबोट. वारा नाही, लाट नाही. ओळीनं एकेक होडी डोकं हलवत गेली, थेट बंदराच्या तोंडापर्यंत. मग प्रतिबिंबं परत स्थिर झाली.

साहेब खोलीत नव्हता. कधी जिना उतरला, कळलं नाही.

घुबड खुर्चीत बसला आणि पडद्याकडे बघत राहिला. त्रिकोण सरळ रेषेत चालला होता. घाई नाही. वळणं नाही. रात्रीच्या त्या ठरलेल्या वेळी रेडिओ पुन्हा बोलला. वायर अजून जमिनीवर पडलेली.

"हवा चांगली आहे, कंट्रोल. जेवलात का, घुबडराव?"

घुबडानं माइक जवळ ओढला. मग म्हणाला, "नाही. आज नाही जेवलो."

"जेवून घ्या."

त्यानंतर आवाज आला नाही. घुबड बोलत राहिला. इकडचं तिकडचं. पोरीची परीक्षा, गुडघा दुखतो ते, काहीही. कुणी ऐकत असेल नसेल. आणि त्रिकोण निम्म्या वाटेवर आला. त्या जागेवर.

हळू झाला.



वेग दोन. वेग एक.

थांबला...

घुबडानं माझा हात धरून सांगितलंय हे. म्हणाला, मी श्वास घेतला नाही. पडद्यावर नाव होतं, वेग शून्य होता, आणि माझ्या छातीतही काही चालत नव्हतं. त्यानं माइक उचलला, पण काय बोलणार? काय सांगणार त्यांना? नुसतं म्हणाला, "पुढं चला हो. थोडंच राहिलंय."

बराच वेळ काही नाही.

मग एक.

मग दोन.

त्रिकोण पुढं निघाला.

उजाडायच्या थोडं आधी तो बेटाला लागला. जेट्टीशी थांबला. घुबडाचे डोळे मिटले असतील नसतील, परत उघडले तर पडद्यावर नुसतं निळं पाणी.

काय? साहेबाचं पुढं काय झालं? तुला वाटलं, भुतानं त्याची मान पिरगाळली असेल. तुझ्या वयात मलाही तसंच आवडलं असतं. नाही. साहेब धडधाकट आहे. बुधवारी सकाळी घुबडानं चौकशीवाल्यांसमोर ते सगळं बोलणं वाजवलं, पहिल्या "थांबा"पासून शेवटच्यापर्यंत. त्यांनी ऐकलं. माना हलवल्या. चहा घेतला. निकाल आला की हवामान प्रतिकूल होतं. साहेबाला दुसऱ्या, याहून मोठ्या बंदरात बढती मिळाली आणि घुबडाला गोदामात बदली. तिथं दिवसपाळी आहे. तो दिवसाचा झोपतो म्हणून बोलणी खातो. मला राग भुतांचा नाही येत, पोरांनो. ती बिचारी कामाच्या मागं होती. मान पिरगाळायला त्यांना सवड नव्हती. ते काम जिवंत माणसांचं होतं, आणि आपण ते केलं नाही. मांडव उभा होता, खुर्च्या मांडल्या होत्या, सगळं गाव धक्क्यावर होतं, मी होतो, आणि एकानंही झेंडा यायच्या आधी जाऊन तो दोर तोडला नाही.

असो.

त्या बुधवारची एक गोष्ट राहिली. घुबड मनोऱ्यातून खाली उतरत होता तेव्हा त्याचा फोन वाजला. अक्का. या वेळी खरखर नव्हती, शेजारी बसून बोलावं तशी बोलत होती.

म्हणाली, "अरे, काल रात्री कुणाला पाठवलं होतंस इकडे?"

झालं होतं असं. सगळं होऊन गेल्यावर, मुलं पुरून झाल्यावर, सरकारला जाग आली होती आणि जेट्टीपासून दवाखान्यापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता सुरू झाला होता. शेवटचं सिमेंट मंगळवारी संध्याकाळी ओतलं. ओलं होतं म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या, आणि गवंडी जेवायला गेले. रात्रभर अक्का दवाखान्यात होती. कुत्रं भुंकलं नाही, कडी वाजली नाही. सकाळी तिनं दार उघडलं.

नंतर मी ते जाऊन पाहिलंय. गवंड्यांना वरून परत सिमेंट फिरवायचं होतं, अक्का आडवी पडली, फिरवू दिलं नाही. अजून आहे तसंच. जेट्टीच्या टोकापासून पावलं निघतात. काही बुटांची, काही अनवाणी. खूप माणसं, एकामागं एक. खोल गेलेली पावलं, टाच जास्त रुतलेली, पाठीवर ओझं असलं की रुतते तशी. मी माझा हात एका पावलात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. ती दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत येतात. सगळी आतच जाणारी.

परतीचं एकही नाही.